मुंबई ते न्यूयॉर्क

ताईला रात्री मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला सोडून आलो आणि आज सकाळपासून आई मोबाईलवर विमान कुठे पोचलं ते दाखवणाऱ्या ॲपमध्ये ताईचं पिवळं विमान बघत बसलीये, चहा गार झाला तरी लक्ष नाही. दोन बोटांनी नकाशा मोठा करते आणि विचारते, अरे हे सरळ का नाही जात, एवढं वर उत्तरेला कुठे चाललंय? मग घरातला पृथ्वीचा गोल काढला, मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरला, तर दोरा आपोआप उत्तरेकडूनच गेला, तोच सगळ्यात जवळचा रस्ता, तरीसुद्धा साधारण 12,500 किमी!! नॉनस्टॉप पंधरा-सोळा तास बसून राहायचं, ते पण ताईच्या कंबरदुखीसकट, मला खरंच काळजी वाटते तिची. रात्री दीडला निघालेली ती तिथे त्याच दिवशी सकाळी उतरणार, कारण न्यूयॉर्क आत्ता आपल्या साडेनऊ तास मागे. आणि जाताना जास्त वेळ लागतो कारण वर दहा-बारा किमीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, थंडीत तर अजूनच जोर. आईने लगेच विचारलं, म्हणजे डिसेंबरात येताना लवकर पोचेल ना? म्हटलं हो, तासभर तरी नक्की.