तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तोडू नये’ हे सांगितलं कुणाला?

“बाई, तुमच्यात सोडचिठ्ठी चालते का?” शेजारणींपासून तहसीलच्या बाबूपर्यंत सगळे मला हे विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे. मी शाळेतून निवृत्त झालेली, महिला सभेत वचन सांगते, म्हणून असले प्रश्न माझ्याच ओट्यावर येतात. बाहेरच्यांना मी सांगते, कायद्यानं चालते. आमच्या लोकांचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांना बायबल काय म्हणतं ते हवं असतं, आणि बायबल या बाबतीत एका सुरात बोलत नाही.

मार्क, लूक, मत्तय ही बायबलातली येशूच्या चरित्राची पुस्तकं. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशूनं पळवाट ठेवलेलीच नाही. देवानं जोडलं ते माणसानं तोडू नये. बायको टाकून दुसरी केली तर तो व्यभिचार, बाईनं नवरा टाकून दुसरा केला तरी तेच. लूकही तसाच कडक. मत्तयात मात्र व्यभिचाराचं कारण असेल तर सूट आहे. त्याच्या कितीतरी आधी मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्राची, म्हणजे सोडचिठ्ठीच्या कागदाची, रीत आलेली आहे: लिहायचं, बायकोच्या हाती द्यायचं, वाटेला लावायचं. एज्राच्या पुस्तकात तर परक्या जातीच्या बायका लेकरांसकट घालवून द्यायचं ठरलं. तो अध्याय आमच्याकडे सहसा कुणी वाचायला घेत नाही.

येशूला हा प्रश्न विचारला कुणी, तेही पाहा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, आले होते, सगळे पुरुष. कोणत्याही कारणावरून बायको टाकता येते का, हे त्यांना हवं होतं. त्या काळी शम्माय नावाच्या गुरूचे शिष्य म्हणत, तिनं काही लाजिरवाणं केलं असेल तरच. हिल्लेल या दुसऱ्या गुरूचे म्हणत, स्वयंपाक बिघडवला तरी चालेल. म्हणजे भाजी करपली की बाई रस्त्यावर! ज्यांच्या हाती तो कागद होता, त्यांना येशू म्हणाला, तोडू नये. मार खाणाऱ्या बाईला धरून ठेवायला तेच वचन वापरतात, याचा मला संताप येतो.

मागच्या वेचणीच्या दिवसांत आमच्यातली एक लेक माहेरी आली. डाव्या कानामागं टाके होते. सासऱ्यानं तिला व्हॉट्सअॅपवर मलाखी संदेष्ट्याचं वचन पाठवलं होतं: देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे. “बाई, मी निंगून आली तं मले पाप लागन का?” मी बायबल उघडलं आणि तिलाच वाचायला लावलं. दुसरा अध्याय, सोळावी ओवी. ‘तिटकारा’वर ओवी संपत नाही, जो आपलं वस्त्र जुलमानं झाकतो त्याचाही देवाला तिटकारा आहे, असं पुढं त्यातच आहे. सासऱ्याचा मेसेज बरोबर अर्ध्यावर थांबला होता. दोन ओव्या वर सरकलं तर मलाखी कुणाला झापतोय तेही कळतं: तारुण्यातल्या बायकोशी बेइमानी करणाऱ्या नवऱ्यांना.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रेषित पौलाकडे आहे, त्यानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात. बायकोनं वेगळं होऊ नये, असं तो प्रभूच्या नावानं सांगतो आणि लगेच म्हणतो, झालीच तर तिनं लग्नावाचून राहावं किंवा नवऱ्याशी समेट करावा. म्हणजे सगळ्यांत कडक वाचन धरलं तरी वेगळं राहणाऱ्या बाईला मंडळीबाहेर काढायला आधार सापडत नाही. पुढं, ‘हे प्रभू नव्हे, मी सांगतो’ असं बजावून तो लिहितो की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून जात असेल तर जाऊ द्या. देवानं आपल्याला शांतीत राहायला बोलावलंय. स्वतःचं मत आणि प्रभूची आज्ञा वेगवेगळी मांडायचा हा प्रामाणिकपणा आमच्या काही उपदेशकांनी उचलावा.

अशा सोडून जाणाऱ्या जोडीदाराबाबत इंग्रज सरकारनं १८६६ मध्ये कायदाच केला: ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्म बदलला म्हणून नांदायला तयार नसेल, तर कोर्टातून लग्न मोडून घेता येई. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. टिळकांनी लग्न मोडलं नाही. त्या आपणहून परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आपल्या ख्रिस्ती लोकांसाठीच्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं. बायकोला साधारणपणे व्यभिचार आणि त्यावर छळ किंवा टाकून देणं, असं दुहेरी सिद्ध करावं लागे. ही तफावत २००१ साली गेली. त्यातच न्यायालयीन विभक्तता आहे: लग्न राहतं, पण एका छपराखाली राहायची सक्ती उरत नाही. पौलाच्या बोलण्याशी ती बरीच जुळते, म्हणून आमच्या बायकांना मी आधी तीच सांगते. कॅथलिक कुटुंबांत वेगळा घोळ असतो. लग्न मुळातच झालं नव्हतं असा निकाल चर्चनं दिला, तरी सरकारदरबारी ते लग्न कोर्टातच मोडावं लागतं.

दुसऱ्या लग्नाचं विचाराल, तर मार्क एक सांगतो, मत्तय दुसरं, आणि पाळकसाहेबांचं नि माझं त्यावर जुळत नाही. ते मार्काला धरून आहेत. माझ्या लेखी जो हात उचलतो, त्यानं जोडलेलं आधीच तोडलंय. हे वचन नव्हे, मी सांगते. त्या पोरीचा अर्ज सध्या जिल्हा न्यायालयात आहे, आणि रविवारी ती मंडळीत पुढच्या सतरंजीवर बसते.