आता तर चालू आहे की!

एप्रिलमध्ये, भर दुपारी, आसरा चौकात बंद पडायचं असेल तर माणसाने निदान साध्या गाडीत असावं. मी होते भाच्याच्या स्पोर्ट्स कारमध्ये. दोन दारं, दोन सीटा, रंग लालभडक आणि उंची इतकी कमी की सोलापुरातल्या एकूणएक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासतं. परदेशी बनावटीची, पुण्यातून सेकंडहँड घेतलेली. त्याच्या बाईकवर मागे बसायला मी साफ नकार दिला, म्हणून मला बँकेत सोडायला त्याने ही काढली होती. जाताना वाटेत रसाच्या गाड्यावर थांबलो, पुन्हा निघालो, आणि चौकाच्या मधोमध बाईसाहेब गप्प.

अशी गाडी बंद पडली की आमच्या गावाला कोण आनंद होतो! दोन रिक्षावाले, कॉलेजची पोरं, पंक्चर काढता काढता उठून आलेला एकजण. पहिला प्रश्न अर्थातच, “किती देती मालक?” ढकलायला सगळे तयार होते, पण धरायचं कुठे ते कळेना. एकाने उत्साहाने पुढचं झाकण उघडायला लावलं, तर आत डिकी. “इंजिनच नाही की बे ह्याला!” मग कोणीतरी मला म्हणालं, “मावशी, तुम्ही जरा उतरा, वजन कमी हुईल.” त्या सीटवरून नऊवारीत नव्हे, साध्या पाचवारीत उतरणं म्हणजेसुद्धा विहिरीतून वर येणं आहे. चार लोकांसमोर ते करून दाखवलं.

वीसेक मिनिटांनी भाच्याने सहज किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. काही झालंच नाही असा चेहरा करून. गॅरेजमध्ये नेली तर तिथे तासभर गुरगुरत उभी राहिली. मिस्त्री हात पुसत म्हणाला, “आता तर चालू आहे की!”

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. फ्रिज रात्रभर खडखडतो, माणूस आला की चिडीचूप. मिक्सर माझ्या हातात करपट वास मारतो, दुकानात काउंटरवर ठेवला की गुणाचा. दाढ तीन रात्री झोपू देत नाही आणि डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की नेमकी कुठली ते आपल्यालाच सांगता येत नाही. पूर्ण मोडलेली वस्तू बरी, तिची कोणी शंका घेत नाही. अधूनमधून मोडणाऱ्या वस्तूपायी मालकाचीच साक्ष काढली जाते. “तुम्ही नीट लावलं होतं का?” हा तर पुढचा प्रश्न ठरलेलाच. बाईमाणूस असेल तर तो आधीच येतो.

भाच्याच्या गाडीचे पुढचे दोन महिने असेच गेले. कोणी म्हणालं प्लग, प्लग बदलले. कोणी म्हणालं पेट्रोलमध्ये कचरा, फिल्टर बदलला. मग पेट्रोलचा पंप, तो महाग निघाला. मग बॅटरीची टर्मिनलं घासली, अर्थिंगची वायर आवळली. प्रत्येक बदलानंतर गाडी काही दिवस शहाण्यासारखी चालायची आणि ज्याने शेवटचा भाग बदलला तो फुशारून जायचा. स्कॅनर लावला. त्याच्यावर भाच्याचा फार भरवसा होता. पण स्कॅनरने बिघाडाचा एकही कोड दाखवला नाही. गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या वहीत नोंदच केली नव्हती, तर तो तरी काय वाचणार!

मला या सगळ्यात अण्णा आठवत होते.

आमचे अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे लूम नीट चालती ठेवणारे मुकादम. गिरणी बंद पडली तसे अशोक चौकाच्या अंगाला पॉवरलूमच्या शेडमध्ये जाऊ लागले. शाळा सुटली की मी त्यांचा डबा आणायला जायची. शेडमध्ये शिरलं की आधी आवाज अंगावर यायचा, मग सुताचा कोंडा नाकात, मग डोळ्यांना अंधाराची सवय होऊन माणसं दिसायची. तिथे टॉवेलचं एक लूम होतं, त्याला अशीच खोड होती. मध्येच धाडकन थांबायचं. विणकर बोंबलायचा, मालक तेलुगूत करवादायचे, अण्णा जवळ गेले की लूम खटाखट चालू. मालकांचं म्हणणं, विणकर कामचुकार आहे, मुद्दाम दांडा सोडतो. विणकराची तर बोलती बंद.

अण्णांनी पाना हातात घेतला नाही. लूमच्या बाजूच्या लोखंडावर तळहात टेकवून नुसते उभे राहिले. मी डबा घेऊन पायरीवर. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं, हे झोपले उभ्या उभ्या. मग त्यांनी विणकराला विचारलं, “बंद कधी पडलं ते नको. पडायच्या आधी काय चाललं होतं ते सांग.” तो आठवून आठवून सांगत गेला. सकाळी पडत नाही. पावसाची भुरभुर लागली की पडतं. परवा आभाळ होतं तेव्हा पडलं, काल ऊन होतं, काल नाही.

धोट्याला फटका मारणारा पट्टा चामड्याचा असतो. दमट हवेत चामडं सैलावतं. फटका अंमळ कमी बसतो, धोटा पलीकडच्या पेटीत उशिरा पोचतो. आणि धोटा वेळेत पेटीत आला नाही तर लूमने स्वतःहून थांबावं अशी योजना त्यात मुळातच केलेली असते, कारण तो ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, मधोमध राहिला तर शेकडो धागे तुटतील. लूम बंद पडत नव्हतंच, ते माल वाचवत होतं. अण्णांनी पट्टा बदलला, डबा माझ्याकडे दिला. मालक विणकराला काही बोलले का? माझ्यासमोर तरी नाही.

तर मी भाच्याच्या हातात एक जुनी डायरी ठेवली आणि म्हटलं, लिही. हवा, पेट्रोल किती, एसी चालू की बंद, आधी कुठे थांबला होतास. तो म्हणाला, “आत्या, तुला गाडीतलं काय कळतं?” मी म्हटलं, काही नाही, तू लिही.

माझा स्वतःचा संशय पेट्रोलवर होता, तोही मामांच्या गाडीमुळे. त्या काळच्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. पेट्रोलमधला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतो, आणि सोलापूरचा मे महिना त्याच्या पुढचा. नळीत वाफ धरायची, पंप नुसती वाफ ओढत बसायचा. अक्कलकोटला जाताना वळसंगच्या पुढे मामा हमखास उतरायचे आणि सोलापुरी टॉवेल पाण्यात बुचकळून पंपावर गुंडाळायचे. अख्ख्या महाराष्ट्रात ही युक्ती चालायची, पण टॉवेल आमच्या गावचा, याचा मामांना भारी अभिमान. तोच टॉवेल पिळून नंतर तोंडही पुसायचे. मामींचं त्यावर काय म्हणणं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आताच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि नळीत दाब चांगला असतो, त्यामुळे वाफेचं कारण सहसा लागू पडत नाही. डायरीतून निघालं ते वेगळंच. सकाळी कधीच नाही. तुळजापूरला एका दमात गेलं-आलं तर नाही. दहा-पंधरा मिनिटं कुठे थांबून पुन्हा निघालं की मात्र पडते. चालत्या गाडीत पाणी फिरत असतं, वारा लागत असतो. गाडी बंद केली की इंजिनची धग जागच्या जागी कोंडते आणि इंजिनभोवतीचे भाग उलट आणखी तापतात. त्यात हिचं इंजिन सीटच्या पाठीमागे, वारा आधीच बेताचा.

दुसरी गोष्ट भाच्याच्या डोळ्यांनी टिपली, त्याचं श्रेय त्याला. पेट्रोल कमी पडून गाडी बंद होते तेव्हा ती आचके देते, इंजिनचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा हळूहळू उतरतो. इथे गाडी गिअरमध्ये पळत होती, चाकं इंजिनला फिरवत होती, तरी काटा एका क्षणात शून्यावर. म्हणजे इंजिन फिरत असताना ते फिरतंय हे मोजणाराच गेला होता. तो मोजणारा म्हणजे क्रँकचा, इंजिनच्या फिरत्या दांड्याचा, सेन्सर. बोटाएवढा. एका दातेरी चाकासमोर बसून दाते मोजत राहतो. बऱ्याच गाड्यांत चाक साठ दात्यांच्या हिशोबाचं असतं आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात, त्या फटीवरून कॉम्प्युटरला इंजिन कुठवर फिरलं ते समजतं. मोजणी थांबली की ठिणगीही बंद, पेट्रोलही बंद. आत केसाहून बारीक तारेचं वेटोळं. कुठे तडकलं असेल तर गरम झालं की टोकं सुटतात, गार झालं की पुन्हा टेकतात. वीस मिनिटं!

परीक्षा आमच्या दारातच घेतली. गाडी जागेवर चालू ठेवली, भाचा खाली आडवा आणि हातात माझ्या लेकीचा केस वाळवायचा ड्रायर. बोळातून जाणारे थबकून बघत होते. पाचेक मिनिटं सेन्सरवर गरम हवा सोडली आणि इंजिन टप्पकन बंद. ओल्या फडक्याने गार केलं, चालू. पुन्हा ड्रायर, पुन्हा बंद. मला इतका आनंद झाला की शेजारच्या वहिनींना वाटलं लेकीचं लग्न ठरलं. ड्रायर मात्र त्या दिवशी कायमचा गेला, लेक आठवडाभर बोलली नाही.

सेन्सर बाहेरून मागवला, बसवला. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. पण भाचा काही सुखावला नाही, आणि मला ते कळतं. बंद पडली नाही याचा अर्थ दुरुस्त झाली असा घ्यायचा, की अजून पडली नाही इतकाच? जुन्या पोर्श ९११ आणि ९४४ बाळगणारे लोक एक रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा छोटा भाग, कायम जास्तीचा जवळ ठेवतात, कारण त्याचं सोल्डर आतून तडकतं आणि तो कधी दगा देईल सांगता येत नाही. दशकानुदशकं ही माणसं ग्लोव्हबॉक्समध्ये संशय घेऊन हिंडतायत. भाच्यानेही दुसरा सेन्सर आणून ठेवला. तरी मोहोळच्या पुढे गाडी नेईना. पुण्याच्या हायवेवर इंजिन गेलं तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते आणि मागून उसाचा ट्रॅक्टर किंवा कंटेनर येत असतो. ते त्याच्या मनातून जाईना. शेवटी विकायला काढली.

लातूरहून एक तरुण आला. होटगी रोडला फेरी मारून आला, डोळे चमकत होते. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मीच त्या मुलाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि डायरी पुढ्यात ठेवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. सेन्सर, ड्रायर, काटा, हायवे. तो मान हलवत ऐकत होता. माझं संपल्यावर पाण्याचा पेला खाली ठेवत त्याने विचारलं, “ते असू द्या मावशी, एसी गार मारतो का?”