टोबरमोरीच्या बंदरात

स्कॉटलंडमधल्या ओबानहून भाच्याच्या मित्राच्या यॉटवर निघालो. मल बेटाच्या सामुद्रधुनीत भाचा सारखं भरतीचं वेळापत्रक बघत होता. तिथं प्रवाह उलटा असला की बोट नुसती रांगते, म्हणून निघायची वेळ पाणी ठरवतं, घड्याळ नाही.

वळण घेतलं आणि मल बेटावरचं टोबरमोरी दिसलं. लाल, पिवळी, निळी घरं थेट धक्क्याला चिकटलेली, मागं झाडांचा डोंगर. मासेमारी वाढावी म्हणून ब्रिटिश फिशरीज सोसायटीनं 1788 मध्ये हे गाव मुद्दाम वसवलं. त्याआधी 200 वर्षं, 1588 साली, स्पॅनिश आरमारातलं एक जहाज याच उपसागरात स्फोट होऊन बुडालं. त्यातल्या सोन्याच्या गोष्टी अजून सांगतात.

“आत्या, दोर धर!” भाचा ओरडला. पाँटूनवरच्या, म्हणजे तरंगत्या धक्क्यावरच्या, दोन शिंगांच्या लोखंडी खुंटीला आधी एक पूर्ण वेढा, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे. माझे वडील यंत्रमागावर होते. दोरा ताणात कसा ठेवायचा हे हाताला माहीत होतं. वेढा पहिल्याच प्रयत्नात बसला. फार बरं वाटलं!

पाँटून पाण्यावर तरंगतं, त्यामुळं बोट भरतीबरोबर वर-खाली होते. संध्याकाळी जवळजवळ सपाट असलेला, किनाऱ्यावरून पाँटूनवर उतरायचा पूल ओहोटीला चांगलाच उभा झाला होता. कठडा धरूनच चढले.

जून होता, रात्री दहालाही उजेड. केबिनमध्ये मात्र गारठा. आपली सोलापुरी चादर नेली होती. कडक भाकरी, शेंगाचटणीही. भाच्याच्या मित्रानं चटणी तीनदा मागून घेतली. पुढच्या वेळी किलोभर नेणार आहे.