वीस किलो वांग्यांचे नाव

गेल्या डिसेंबरात जळगावजवळच्या एका मळ्यात जॅझ संगीताची मैफल झाली आणि तिथल्या भरितासाठी वांगी पुरवण्याचे काम माझ्याकडे आले. मी एका लहान शेतकरी गटाची खरेदी-विक्री पाहतो. नाशिक, जळगाव, अमरावती, नागपूर असा दौरा करणाऱ्या त्या पाच वादकांनी आयोजकांशी केलेल्या करारात ध्वनियंत्रणा आणि निवास यांच्या कलमांबरोबर जेवणाचेही एक कलम घातले होते : कलाकार आणि श्रोते यांचे जेवण परिसरातील लहान शेतकऱ्यांच्या मालातूनच व्हावे, किरकोळ ग्राहक देतो तो भाव शेतकऱ्याला त्याच दिवशी रोख मिळावा, आणि कोणाचा किती माल आहे याची नाव-गावासह यादी मैफलीपूर्वी द्यावी. पहिल्या दोन अटींचे मोल मला लगेच कळले. तिसरी अट मला केवळ सौजन्याची वाटली.

१५० माणसांसाठी ५० किलो वांगी लागणार होती. भरिताचे वांगे म्हणजे आमच्याकडचे फिकट हिरवे, लांबट, मोठे आणि कमी बियांचे. बामणोदच्या वांग्याचे नाव तर जिल्ह्याबाहेरही घेतले जाते. मी तीन शेतकऱ्यांकडे मागणी नोंदवली : बामणोदच्या एका काकूंकडे १२ किलो, दुसऱ्या शेतकऱ्याकडे १० आणि तिसऱ्याकडे २८. आदल्या संध्याकाळी तिसऱ्या शेतावर तोडणी झाली तेव्हा फळ पोखरणाऱ्या अळीने बहुतेक माल बिघडवल्याचे दिसले आणि निवडून जेमतेम ८ किलो हाती आली. अळीचे छिद्र बाहेरून बारीक असते, पण वांगे चिरले की आतला गर काळा निघतो. तसा माल चुलीवर चढवणे शक्यच नव्हते. पहाटे मी बाजार समितीत गेलो आणि एका अडत्याकडून २० किलो वांगी घेतली. माल उत्तम होता. परत आल्यावर यादीत काकूंच्या नावापुढे मी १२ ऐवजी ३२ किलो लिहिले. घाई होती, हे खरे. पण मी ते जाणूनबुजून लिहिले, हेही तितकेच खरे.

दुपारी मळ्यात पऱ्हाट्यांचा जाळ केला. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या या वाळक्या झाडांवर वांगी भाजली की भरिताला जो धुराचा वास लागतो, तो गॅसच्या शेगडीवर कधीच येत नाही. ड्रमवादक जाळापाशी बसून वांगी सोलत होते. पऱ्हाट्या कशाच्या, हे कळल्यावर त्यांनी हातातली काडी बराच वेळ न्याहाळली. जॅझला ज्या ब्लूजचा आधार आहे तो अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून घडला, असे ते म्हणाले. मला वेगळाच धागा आठवला : १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला तेव्हा मागणी हिंदुस्थानाकडे वळली आणि खानदेशातही कापसाचा पेरा वाढला. भाजलेली वांगी लाकडी भांड्यात हिरवी मिरची आणि लसणासह ठेचली जात होती, शेजारी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापणे चालू होते, आणि आमचे हे बोलणे रंगले होते.

तेवढ्यात वाद्यवृंदाच्या प्रमुख, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मुंबईच्या ताई, यादी हातात घेऊन काकूंपाशी गेल्या. त्यांनी कौतुकाने विचारले, "काकू, एका तोडणीत बत्तीस किलो?"

"नाही बाई, माझी बाराच," काकू म्हणाल्या. "बाकीची कोणाची, ते भाऊंना विचारा."

मी सर्वांसमोर जे घडले ते सांगितले. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, मग त्या वीस किलोंचा शेतकरी कोण?" माझ्याकडची पावती मी काढून पाहिली. तिच्यावर अडत्याचे नाव, वजन आणि दर होता. पिकवणाऱ्याचे नाव खरेदीदाराच्या पावतीवर नव्हते, आणि इतकी वर्षे या व्यवहारात असूनही ते मला कधी खटकले नव्हते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मानांकनाने जिल्ह्याचे नाव सांगितले जाते, शेतकऱ्याचे नाही.

डबल बेस वाजवणारे गोव्याचे गृहस्थ तेव्हा जे बोलले ते मी विसरणार नाही. हॉटेलांत जॅझ वाजवणारे अनेक गोमंतकीय वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्रांकडे आणि सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्याकडे काम केले. वाद्यमेळाची रचना अशांच्या हातची असली तरी श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा सहायक म्हणून येत, कित्येकांची तर येतच नसत. "गाणे घरोघरी पोहोचते आणि हात कोणाचा ते कळत नाही, म्हणून ते कलम आहे," असे ते म्हणाले.

जॅझमध्ये एकेका वादकाचे एकट्याचे वादन संपले की प्रमुख त्याचे नाव मोठ्याने पुकारतो आणि श्रोते टाळ्या देतात. त्या रात्री ताईंनी वादकांच्या नावांमध्येच शेतकऱ्यांची नावे घेतली. बेसचे वादन संपले, बेसवादकाचे नाव आले. त्यामागून बामणोदच्या काकूंचे, "बारा किलो" यासह. काकूंनी पदर सावरला आणि त्या उभ्या राहिल्या. (व्यासपीठासाठी त्यांची संमती घेतली होती, या लेखासाठी घेतलेली नाही, म्हणून इथे नाव लिहीत नाही.) मग दुसरे नाव, मग तिसरे. शेवटी ताई म्हणाल्या, "आणखी वीस किलो वांगी कोणी पिकवली, हे आज आम्हाला सांगता येत नाही." त्यानंतर ड्रमवादकांनी काही क्षण एकट्याने, ब्रशने, अगदी हलके वाजवले. कोणाचेही नाव पुकारले गेले नाही आणि टाळ्याही वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा बाजार समितीत गेलो. निघताना ताईंनी लिलावाचा दर आणि किरकोळ भाव यांतील २० किलोंचा फरक एका पाकिटात घालून माझ्याकडे दिला होता. अडत्याने आधी टाळाटाळ केली, पण शेतकऱ्याला दिलेल्या हिशेबपट्टीची नक्कल त्याच्याकडे असतेच. ती त्याने शोधून काढली. माल धरणगाव तालुक्यातला होता.

मी फोन लावला. पलीकडून संशयाने प्रश्न आला, "मन्हं नाव कसाले जोयजे तुमले?" मी सगळे सांगितले : मैफल, भरीत, यादी, पाकीट आणि माझी चूकही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःचे, वडिलांचे आणि गावाचे नाव एकेक शब्द सुटा करून सांगितले, आणि मी लिहून घेतलेले त्यांना एकदा वाचून दाखवले. काकूंच्या नावापुढचे ३२ खोडून मी १२ केले, यादीत चौथी ओळ वाढवली आणि ती यादी अमरावतीला पाठवली.