आमची वाटचाल : कोबॉलच्या सोबतीने

'वायटूके'ची, म्हणजे 2000 सालासाठी जुन्या प्रोग्राममधील तारखा दुरुस्त करण्याची, कामे ओसरल्यावर आम्ही पुण्यात ही छोटी संस्था सुरू केली. 2000 साल उजाडल्यानंतर बरेच सहकारी जावा आणि वेबकडे वळले. आम्ही मेनफ्रेमवर, म्हणजे बँका-विमा कंपन्यांच्या मोठ्या संगणकांवर, आणि त्यांवरील कोबॉल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेसोबतच थांबलो. तारखांची दुरुस्ती करण्यासाठी विमा कंपन्यांचे आणि बँकांचे जुने प्रोग्राम ओळीन् ओळ वाचताना एक गोष्ट सतत जाणवत होती, ती म्हणजे त्यांचे हिशेब बिनचूक असले तरी त्यांतले अनेक प्रोग्राम गरजेपेक्षा सीपीयूचा (संगणकाच्या प्रोसेसरचा) कितीतरी अधिक वेळ खर्च करत होते. तो खर्च कमी करणे हाच आमचा व्यवसाय झाला.

आयबीएमच्या मेनफ्रेमवरील बऱ्याच सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क वापराच्या चार तासांच्या सरकत्या सरासरीवर, आणि तीही त्या महिन्यात जिथे सर्वाधिक असेल तिथली, आकारले जाते. त्यामुळे गर्दीच्या वेळी चालणारा जॉब (संगणकाला दिलेले एक काम) हलका केला तर बिल उतरते, पण पहाटे निवांत चालणारा जॉब निम्म्यावर आणूनही बिलात काही फरक पडेलच असे नाही. म्हणून जॉब कसा लिहिला आहे हे पाहण्याआधी तो केव्हा चालतो, हे आम्ही ग्राहकाला विचारतो.

त्यानंतर मोजमाप. सीपीयूचा मोठा वाटा बहुधा प्रोग्रामच्या मोजक्याच परिच्छेदांत (भागांत) जातो. लूपमधला काउंटर साध्या डिस्प्ले स्वरूपात (प्रत्येक अंक अक्षरासारखा साठवून) असला तर प्रत्येक फेरीला त्याचे रूपांतर करावे लागते. तो बायनरी केला किंवा टेबलासाठी सबस्क्रिप्टऐवजी (नोंदीच्या क्रमांकाऐवजी) इंडेक्स (नोंदीचे टेबलातले थेट अंतर) वापरला की ते काम वाचते. दहा हजार नोंदींच्या टेबलात 'सर्च' ही आज्ञा वरून खाली शोधत जाते आणि सरासरी पाच हजार तुलना करते. तेच टेबल क्रमाने लावून 'सर्च ऑल' वापरले तर फार तर चौदा तुलनांत उत्तर मिळते. रकमांसाठी आम्ही कॉम्प-3 (एका बाइटात दोन अंक ठेवणारा दशांश प्रकार) वापरतो आणि अंकांची संख्या विषम ठेवतो : सात अंक व चिन्ह चार बाइटांत नेमके मावतात, तर सहा अंकांनाही चारच बाइट लागतात आणि वर अर्धा बाइट रिकामा राहतो. दशांशातील पैसा न् पैसा जपला जावा, म्हणून रकमेच्या क्षेत्रात फ्लोटिंग पॉइंट (दशांश रकमा अंदाजे साठवणारा प्रकार) आम्ही कधीच येऊ देत नाही.

तरीही सर्वांत मोठी बचत फाइलींमध्येच सापडते. व्यवहार आले त्या क्रमाने घेऊन प्रत्येकासाठी व्हीसॅम (आयबीएमची फाइल साठवण्याची पद्धत) मास्टर फाइलमधला रेकॉर्ड स्वतंत्रपणे शोधणारे प्रोग्राम आजही दिसतात. मास्टरमधील बहुतेक खात्यांवर व्यवहार होत असतील, तर व्यवहार खातेक्रमांकाने सॉर्ट करून दोन्ही फाइली सोबतीने पुढे नेत जुळवणे कितीतरी स्वस्त पडते. टेपच्या काळातली ही पद्धत आम्हाला आजही सर्वांत विश्वासार्ह वाटते.

2013 मध्ये आयबीएमने कोबॉलच्या कंपायलरची (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची) पाचवी आवृत्ती आणली, तेव्हापासून आमच्या कामाला नवी बाजू मिळाली. नव्या कंपायलरने केवळ पुन्हा कंपाइल करूनही अनेक प्रोग्राम वेगवान होतात. मात्र अंकक्षेत्रात वर्षानुवर्षे पडून राहिलेला अवैध डेटा किंवा टेबलाच्या मर्यादेबाहेर जाणारा सबस्क्रिप्ट जुन्या कंपायलरखाली निभावून जात असे, तो नव्याखाली वेगळे उत्तर देऊ शकतो. म्हणून जुन्या आणि नव्या प्रोग्रामचे आउटपुट बाइटन् बाइट ताडून पाहिल्याशिवाय आम्ही कोणताही बदल ग्राहकाच्या स्वाधीन करत नाही, आणि या तपासणीचा वेळ अंदाजपत्रकात वेगळा, ठळकपणे मांडतो.