हाय म्हणजे वाढलंय का?

आत्याचा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा फायनल रिपोर्ट आतेभावाने घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी ऑफिसातून निघतच होतो. फोटो तिरका, अर्ध्या पानावर त्याच्या अंगठ्याची सावली, आणि खाली मेसेज, 'एमएसआय हाय आलंय रे, हाय म्हणजे वाढलंय ना?' लगेच तिघांनी हात जोडले, एका काकांनी गुळवेलीच्या काढ्याचा फॉरवर्ड टाकला आणि मग सगळे गप्प.

आत्या ७१ वर्षांची. सहा महिने नुसतं दम लागतोय, पाय ओढतायत म्हणत होती, हिमोग्लोबिन ७ वर आलेलं आणि आम्ही तिला बीट-खजूर खायला घालतोय. (डॉक्टरांनी पण आयर्नच्या गोळ्यांवरच चार महिने काढले, असो.) उजवीकडचं मोठं आतडं रुंद असतं, तिथे गाठ झाली तरी लवकर अडत नाही, आतल्या आत थोडं थोडं रक्त जात राहतं आणि माणूस फक्त पांढरा पडत जातो. शेवटी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघतात ती) झाली, कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं. आतड्याजवळच्या २२ लिम्फ नोड, म्हणजे रसग्रंथी, तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. स्टेज दोन, म्हणजे तिथवर पसरलेला नाही.

आता तो हाय. पेशी दुभंगताना डीएनएची कॉपी काढतात, कॉपीत चुका होतात, आणि त्या चुका शोधून दुरुस्त करायला काही प्रथिनं कामाला असतात. रिपोर्टमध्ये त्यातली चार बघतात. आत्याच्या गाठीत दोन गायब होती, एमएलएच१ आणि पीएमएस२. ती नसली की डीएनएत जिथे एकच अक्षर सलग वीस-पंचवीस वेळा येतं तिथली मोजणी चुकायला लागते, जप करताना डुलकी लागली की एखादा मणी जास्त ओढला जातो नाहीतर राहून जातो, तसंच. ही जी गडबड, ती एमएसआय. हाय म्हणजे गडबड जास्त, कॅन्सर जास्त नव्हे! रिपोर्टवर एवढं एक वाक्य छापायला लॅबचं काय जातं मला खरंच कळत नाही.

उलट इतक्या चुका झालेली गाठ शरीराला लगेच परकी वाटते, संरक्षक पेशी तिच्याभोवती गर्दी करतात. म्हणून स्टेज दोनला असा रिपोर्ट आला तर पुढचं सहसा बरं जातं, आणि जी जुनी नेहमीची केमो, ५-एफयू, ती नुसती दिली तर अशा पेशंटना फायदा होत नाही, हे २००३ मध्येच ५७० पेशंटच्या गाठी तपासून छापून आलंय. डॉक्टर म्हणाले केमो नको. झालं, इकडे नातेवाईक सुरू, 'केमो पण देईनात म्हणजे सोडून दिलं का काय?' आत्यालाही तेच वाटत होतं, दोन दिवस नीट जेवली नाही.

पण त्याच रिपोर्टमुळे दुसरा घोर लागला. ही दुरुस्तीची प्रथिनं गायब असणं काही घराण्यांमध्ये पिढीजात असतं, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली होती, आमच्या घरात सगळे याच दुखण्याने जातात, मी पण तशीच जाणार. आणि गेलीही. हे मी वाचलं आणि आजी आठवली. आजी १९८४ ला 'पोटात गाठ' होऊन गेली, कागद एकही नाही. म्हणजे आत्या, माझे बाबा, आम्ही सगळीच भावंडं रांगेत.

मग हे पिढीजात आहे का बघायला डॉक्टरांनी त्याच गाठीवर बीआरएएफ नावाच्या जनुकाची टेस्ट सांगितली. ऑपरेशनचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, काडेपेटीहून लहान वस्तू, ती मिळवायला आतेभावाला तीन चकरा. दोन आठवड्यांनी रिपोर्ट, व्ही६००ई पॉझिटिव्ह, म्हणजे त्या जनुकातला एक ठरावीक बदल सापडला. ग्रुपवर परत हात जोडलेले. मी ओरडून सांगत होतो अरे हे चांगलंय, कुणी ऐकेना. वय झालं की कधी कधी एमएलएच१ चं जनुक आपोआप बंद पडतं, त्यातून होणाऱ्या गाठींमध्ये हा बदल पुष्कळदा सापडतो, लिंचच्या गाठीत जवळपास कधीच नाही. म्हणजे आत्याचं आत्यापुरतंच. आणि हाच व्ही६००ई ज्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरलाय अशा माणसाच्या रिपोर्टवर आला तर वाईट बातमी असते, डॉक्टर स्वतः म्हणाले, तिथे मला हे हसून सांगता आलं नसतं.

आत्याला फोन करून सगळं समजावलं. ती म्हणाली, 'म्हणजे पोरांना काही नाही ना? मग ते काय हाय-बाय राहू दे तुझ्यापाशी, मला भाकरी चालेल का ते विचार.'

चालते. आतेभावाला मात्र डॉक्टरांनी सांगितलंय की लिंच नसलं तरी आईला झालंय, तेव्हा तू कोलोनोस्कोपी करून घे. गणपतीनंतर करतो म्हणाला होता. आता दिवाळीनंतर म्हणतोय.