कंपासमधली पट्टी घेऊन टॅब घेतला, त्याची गोष्ट

टॅब घ्यायचा हे लगेच ठरलं. कोणता घ्यायचा, यावर मात्र घरात एकमत होईना. लेक सई पाचवीत गेली, शिष्यवृत्तीचा क्लास संध्याकाळी ऑनलाइन सुरू झाला आणि तेवढा वेळ माझा फोन तिच्या ताब्यात गेला. मधेच ऑफिसचा फोन आला की ती बिनदिक्कत कापायची, आणि नंतर साहेबांची समजूत मी काढायची. (परीक्षा स्वतः अजून कागदावर, गोल काळे करूनच होते, ते सोडा.) तिचे आजोबा, आमचे आप्पा, म्हणाले, "अर्धे पैसे माझे, पण वस्तू चांगल्यातली घ्या." भावजी पाच मिनिटांत आयपॅडवर येऊन थांबले. नवऱ्याचं म्हणणं, सात-आठ हजारांत मिळतो तो आण, पोरगी पाडणारच आहे.

माझं डोकं अडकलं होतं सईच्या चष्म्यात. तिला तिसरीत चष्मा लागला आणि दर तपासणीला नंबर जरासा सरकतोच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्क्रीन बंद करा असं म्हटलं नाही. पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर नाक टेकवून धडे वाचणं थांबवा, वीस मिनिटं झाली की वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायला लावा आणि रोज उन्हात खेळायला पाठवा, असं बजावून सांगितलं. त्यामुळे माझ्या यादीत रॅम (चालू कामापुरती टॅबची स्मरणशक्ती), कॅमेरा, प्रोसेसरचे कोअर हे सगळं खाली गेलं. पहिला प्रश्न एकच राहिला: पुस्तकाचं पान न वाढवता वाचता येतं का?

बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. आताची पुस्तकं मोठ्या आकाराची, ए-फोर कागदाच्या जवळपास जाणारी. फोनवर ते पान उघडलं की आधी दोन बोटांनी मोठं करायचं, मग ओळीच्या शेवटापर्यंत सरकवायचं, मग पुढच्या ओळीसाठी परत मागे यायचं. मोठी माणसं याला कंटाळतात, मग दहा वर्षांच्या मुलीने का कंटाळू नये? मी 'परिसर अभ्यास'ची पीडीएफ पेनड्राइव्हवर घेतली, टाइप-सीची जोडणी पर्समध्ये टाकली, सईला म्हटलं तुझी कंपासपेटी घे, आणि आम्ही एमजी रोडला निघालो.

नाशिकमध्ये मोबाईल किंवा टॅब घ्यायचा तर पाय आपोआप एमजी रोडकडे वळतात. शनिवारी संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा शोधणं हाच अर्धा उद्योग, त्यामुळे आम्ही रिक्षाने गेलो आणि तेच बरं झालं.

पहिल्या दुकानात मुलगा चांगला बोलका होता. "ताई, हा घ्या, सोळा जीबी रॅम, लहान मुलांसाठी एकदम बेस्ट." डब्यावर लिहिलं होतं ८+८. यातले पहिले आठ खरे. दुसरे आठ टॅबच्या स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. गरज पडली तर तेवढी जागा रॅमसारखी वापरतात, पण तिचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही जात नाही. ऑनलाइन दिसणाऱ्या, नाव कधी न ऐकलेल्या कंपन्यांच्या टॅबवर हे अधिकच्या चिन्हाचं प्रस्थ फार. मी विचारलं, "अँड्रॉइड कुठलं आहे आणि सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत येणार?" तो म्हणाला, "येत राहतात, ताई." आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात गर्दी कमी होती. तिथल्या काकांना मी सरळच सांगितलं की मला डेमोच्या टॅबवर हे पुस्तक उघडून बघायचं आहे. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग हसून टॅब पुढे केले. काउंटरवर आधी ठेवला सॅमसंगचा ८.७ इंची गॅलेक्सी टॅब ए९, शेजारी त्याचाच मोठा भाऊ, ११ इंची ए९ प्लस. इंच हा आकडा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे कर्णाचा असतो. त्यामुळे आठ आणि अकरा यांत फारसं अंतर आहे असं ऐकताना वाटत नाही. सईने पट्टी लावली. उभा धरल्यावर लहान टॅबच्या पडद्याची रुंदी ११ सेंटिमीटरच्या थोडी पुढे, मोठ्याची जवळपास १५. ए-फोर पान रुंदीला २१ सेंटिमीटर. म्हणजे लहान टॅबवर पुस्तकातलं अक्षर निम्म्याला आलं, तर मोठ्यावर साधारण सत्तर टक्के राहिलं. तिने दोन्हीकडे तेच पान उघडलं. लहानावर चित्राखालच्या ओळी वाचताना मान पुढे गेली, मोठ्यावर ती नेहमीच्या अंतरावरून वाचत गेली. मला तिला काही विचारावं लागलं नाही.

दोघांच्या पडद्यांत आणखी एक फरक आहे. लहानाचं रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, १३४० बाय ८००, मोठ्याचं १९२० बाय १२००. आकडे तोंडपाठ करायची गरज नाही. पीडीएफमधला एखादा जोडाक्षरांचा शब्द बघायचा, 'ष्ट्र' किंवा 'ज्ञ' स्वच्छ दिसतं का ते बघायचं. देवनागरीला इंग्रजीपेक्षा पडद्याची बारकाई जास्त लागते. वेलांट्या, रफार, अनुस्वार हे सगळं ओळीच्या वर-खाली दाटीने बसलेलं असतं. दुकानात सगळे चमकदार व्हिडिओ लावून ठेवतात. व्हिडिओ कुठल्याही टॅबवर छानच दिसतो.

आयपॅडही पाहिला, नाहीतर भावजींनी आयुष्यभर ऐकवलं असतं. मार्चमध्ये, म्हणजे २०२५ मध्येच, नवा साधा आयपॅड आला होता. सुरुवातीची किंमत ३४,९०० रुपये आणि स्टोरेज थेट १२८ जीबी. त्याचा पडदा आडव्या पट्टीसारखा लांबुळका नसून पुस्तकाच्या पानासारखा चौकटीचा, त्यामुळे पान आणखी थोडं मोठं दिसतं. खरं सांगायचं तर वाचायला तोच सगळ्यांत चांगला होता. पण पडद्यावर लिहायची पेन्सिल वेगळी, ७,९०० ची. आणि हेडफोनचं गोल भोक नाही, म्हणजे घरात असलेले तारेचे हेडफोन बाद. सगळं धरून आकडा आमच्या ठरवलेल्या वीस हजारांच्या दुपटीपुढे गेला. पाचवीतल्या मुलीच्या दप्तराशेजारी चाळीस-बेचाळीस हजारांची वस्तू ठेवून मला झोप लागली नसती. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल घ्यावा.

आता अपडेटचं, म्हणजे टॅबमधल्या त्रुटी बुजवायला कंपनी पाठवते त्या सुधारणांचं. ही गोष्ट मला दुकानात कोणीच आपणहून सांगितली नाही. कंपनी जी अपडेटची वर्षं सांगते ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजायची, आपण विकत घेतल्यापासून नाही. सॅमसंगने २०२१ मध्ये आपल्या उपकरणांना किमान चार वर्षं सुरक्षा अपडेट देऊ असं जाहीर केलं होतं. ए९ प्लस आला २०२३ च्या ऑक्टोबरात. म्हणजे मी घेताना पावणेदोन वर्षं आधीच खर्च झालेली. किंमत उतरली होती ती काही उगाच नाही. जुना स्टॉक स्वस्त मिळतो तेव्हा आपण ही गेलेली वर्षंच सवलतीत घेत असतो. मी हिशेब केला: पाचवी, सहावी, सातवीचा पहिला टप्पा. आठवीत हिची गरज तशीही बदलणार. तेवढ्यासाठी मला ए९ प्लस चालला. कोणाचं मूल पहिलीत असेल आणि टॅब सहा-सात वर्षं पुरवायचा असेल, तर त्याने असला सौदा करू नये. नव्यातलं नवं मॉडेल घ्यावं आणि दोन हजार जास्त मोजावेत.

घ्यायच्या आधी मी अजून एक काम केलं. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलं की पडदा फुटला तर बदलायला किती पडतील. उत्तर ऐकून नवऱ्याचाही चेहरा बदलला. टॅबच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च. त्यामुळे 'पाडणारच आहे' या त्याच्या मुद्द्याचा अर्थ स्वस्त टॅब घ्या असा निघत नाही, चांगलं कव्हर घ्या असा निघतो. अनोळखी कंपनीच्या टॅबचा पडदा तर पैसे देऊनही मिळेल याची खात्री नसते. कव्हर आम्ही एमजी रोडवरच्याच प्रधान पार्क या दुकानांच्या इमारतीत घेतलं: चारही कोपऱ्यांना जाड रबर, मागे उभं करायला आधार. दिसायला अगदी बाळबोध आहे. सईला चकचकीत पातळ हवं होतं, तिथे मी ऐकलं नाही.

सिमवाला की वायफायवाला, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. घरात वायफाय आहे, बाहेर लागलंच तर माझ्या फोनचा हॉटस्पॉट आहे. पोरीच्या हातात चालतं-फिरतं इंटरनेट नको होतं, आणि पैसेही वाचले.

पैसे देताना 'नो कॉस्ट ईएमआय'चा आग्रह झाला. व्याजाएवढी सूट आधी देतात म्हणून ते फुकट वाटतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच कार्डावर पडतो, वर काही बँकांची प्रक्रिया फी. आप्पांनी रोख काढून दिले, विषय संपला. बिल मात्र मी काउंटरवरच तपासलं: जीएसटीचं पक्कं बिल, त्यावरचा सिरियल नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळतो का, आणि डबा माझ्यासमोर फोडून सेटिंगमध्येही तोच दिसतो का. काउंटरवर दिवसभर चालू असलेला डेमोचा नग पुन्हा डब्यात जाऊन आपल्या गळ्यात पडू नये म्हणून एवढं. डब्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते कळतं. काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही आरटीओत आहात का?" नाही, मी हिशेब तपासनीस आहे, पण ते त्यांना सांगितलं नाही.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. सईला टॅब लगेच हातात हवा होता आणि भावजी सोफ्यावरून सल्ला देत होते: "वहिनी, तुमच्याच ईमेलवर सुरू करा, दोन मिनिटांत होईल. नाहीतर तिचं खातं काढा आणि जन्मवर्ष मागे टाका." दोन्ही सोपं आहे. पण माझ्या खात्यावर सुरू केला तर माझे फोटो, माझे ईमेल आणि प्ले स्टोअरला जोडलेलं माझं कार्ड तिच्या हातात. आणि जन्मवर्ष खोटं टाकलं तर गुगलच्या लेखी ती मोठी बाई. मग यूट्यूबपासून जाहिरातींपर्यंत सगळं मोठ्यांचंच. खरी जन्मतारीख टाकली की खातं पालकाच्या खात्याखाली उघडतं आणि माझ्या फोनवरच्या फॅमिली लिंक या, पालकांना मुलांच्या टॅबवर लक्ष ठेवता येणाऱ्या गुगलच्या ॲपला जोडलं जातं. सेटअप चालू असताना मधे माझा पासवर्ड मागितला जातो, त्या वेळी मुलांना पाणी आणायला पाठवावं.

फॅमिली लिंकमध्ये मी तीन गोष्टी केल्या. रात्री साडेआठला टॅब कुलूपबंद. प्रत्येक नवं ॲप माझ्या मंजुरीने. आणि क्लासच्या ॲपला वेळेची मर्यादा नाही, खेळांना अर्धा तास. ही शेवटची विभागणी महत्त्वाची, कारण सगळ्या टॅबला मिळून दोन तास दिले तर क्लास संपेपर्यंत तास संपतात आणि मूल क्लासवरच चिडतं. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनेही पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनची दिवसाला दोन तासांची मर्यादा सांगितली आहे. ती मर्यादा आहे, कोटा नाही, हे आम्ही सईला सांगून ठेवलं. शाळेने दिलेलं ईमेल खातं तिच्या खात्याशेजारी जोडता आलं, त्यामुळे गुगल क्लासरूमवरचे शाळेचे गृहपाठ माझ्या फोनवरून हलले.

मंजुरीच्या विनंत्या मात्र नको त्या वेळी येतात. मी मार्चएंडचे आकडे जुळवत असते आणि फोनवर झळकतं: सईला 'केक सजवा' नावाचा खेळ हवा आहे. मी नाकारते. घरी गेल्यावर आप्पा तिची वकिली करतात, "अगं, केकच तर आहे, दे की." दुसऱ्या पालकालाही या ॲपमध्ये हक्क देता येतात, तसे मी नवऱ्याला दिले आहेत. आप्पांनी परवा अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्यात आजोबांसाठी काही सोय असते का. मी म्हटलं, बघते.